तालीम : वर्गातली आणि मैदानावरची



‘तालीम’ हा शब्द आपल्या घराघरांत दोन अर्थांनी वावरतो. उर्दू बोलताना तालीम म्हणजे शिक्षण, आणि मराठी बोलताना तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, अंग कमावण्याची जागा. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना या शब्दाने वर्ग आणि मैदान यांची सोयरीक जुळवून आणली. आपण मात्र ती मोडून टाकली आहे. मुलगा पुस्तक घेऊन बसला तर तो शिकतो आहे, आणि मैदानावर गेला तर तो वाया चालला आहे, असा हिशेब आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात पक्का बसलेला असतो. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत फुटबॉलवर लेख कशासाठी, असा प्रश्न म्हणूनच काही वाचकांना पडेल. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा इतिहास कोण्या दूरच्या मुलखाचा नाही. ताडकळस, पूर्णा, परभणी हा सारा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची राजधानी हैदराबाद होती. त्याच शहरात, एका शाळामास्तराच्या हाताखाली, हिंदुस्थानी फुटबॉलचा सर्वांत वैभवशाली काळ घडला. ही गोष्ट आपल्या मुलांना आपण सांगितली पाहिजे.

गोऱ्यांचा खेळ, आपले पाय

फुटबॉल आपल्या देशात आणला तो इंग्रज पलटणींनी. छावण्यांच्या मैदानांवर गोरे शिपाई खेळत आणि कुंपणाबाहेर उभी असलेली आपली माणसे पाहत. पाहता पाहता ती खेळू लागली. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. मोहन बागानच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण अनवाणी होते. सत्ता, बंदुका आणि कायदा साहेबाच्या हाती होते. पण मैदानावर दोघांनाही एकच नियम लागू होता. त्या नियमाखाली साहेब हरू शकतो, हे सामान्य माणसाने डोळ्यांनी पाहिले.

कलकत्त्याच्याच मोहमेडन स्पोर्टिंग क्लबची स्थापना १८९१ सालची. या क्लबने १९३४ साली कलकत्ता लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला हिंदी संघ. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ते अजिंक्यपद त्यांनी सोडले नाही. १९४० साली दिल्लीत ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात रॉयल वॉर्विकशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून तो चषकही त्यांनी आणला. मुंबईचा रोव्हर्स चषक १९३७ आणि १९३८ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने जिंकला. तोपर्यंत त्या चषकावर कोणाही हिंदी संघाचे नाव कोरले गेले नव्हते.

या विजयांनी गरीब, कष्टकरी मुसलमान समाजाला केवढी उभारी दिली असेल याची कल्पना करता येते. पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगावा. ज्या संघाच्या विजयाने सारे हिंदी मन सुखावले होते, त्याच संघाच्या नावाभोवती पुढे जमातीजमातींतली तेढही जमत गेली. तीसची आणि चाळीसची दशके राजकारणाच्या विषाची होती आणि प्रेक्षकांच्या गॅलऱ्या त्या विषापासून दूर राहिल्या नाहीत. यातून पहिला धडा मिळतो. चेंडू स्वतः होऊन माणसे जोडत नाही आणि तोडतही नाही. त्याच्याभोवती आपण कोणती माणसे उभी करतो आणि कोणते नियम बांधतो, त्यावर सारे ठरते.

आपल्या जुन्या राजधानीतला एक मास्तर

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि तेथील संघातून फुटबॉल खेळले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा शहरातल्या शाळांमधून त्यांनी नोकरी केली. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून ते शाळेतल्या खेळांची जबाबदारी पाहू लागले. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. लोक त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांची खरी थोरवी ते किती उत्तम खेळत यात नव्हती. ते शिक्षक होते, आणि वर्गात जसे शिकवावे तसे त्यांनी मैदानावर शिकवले, यात ती होती. त्यांच्या काही क्लृप्त्या आजही एखाद्या शिक्षकाने वहीत टिपून घ्याव्यात अशा आहेत. चेंडू पायात घोळवत एकट्यानेच पुढे धावण्याचा आपल्या मुलांना फार मोह. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की त्यांत चेंडू घोळवायचाच नाही. आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. ज्याचा उजवा पाय तरबेज त्याने डाव्या पायाने खेळायचे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या.

पालकहो, या पहिल्या नियमाचा अर्थ नीट पाहा. ज्या मुलाला आयुष्यात कोणी विचारले नाही, तो चेंडू मिळाला की सोडायला तयार नसतो. त्याला वाटते, ही एकच संधी आहे. अशा मुलाला ‘दे, तुझ्याकडे परत येईल’ हे शिकवणे म्हणजे त्याला माणसांवर विश्वास ठेवायला शिकवणे. हे भाषणाने साधत नाही. रोज संध्याकाळी तासभर, महिनोन्‌महिने, चेंडू देऊन आणि घेऊनच ते अंगी बाणते.

जखमी गावातून निघालेला संघ

रहीमसाहेबांच्या कामाचे मोल कळायचे तर १९४८ सालाकडे पाहिले पाहिजे. त्या काळाच्या आठवणी आपल्या जिल्ह्यात अजून पुरत्या विझलेल्या नाहीत. त्या सप्टेंबरात ‘पोलीस ॲक्शन’ झाली आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने खेडोपाडी माणसे होरपळली होती. त्यानंतर मराठवाड्यातल्या कित्येक मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे घाव पडले. दोन्ही दुःखे खरी होती. जोडीला रोजीरोटीचे संकट आले. कालपर्यंत ज्या भाषेत कचेरी चालत होती ती मागे पडली आणि त्या भाषेत शिकलेला कारकून, शिक्षक, शिपाई एकाएकी परका झाला. पुढे काय, हा प्रश्न घरोघर होता.

या घटनेला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५० साली, रहीमसाहेबांनी तयार केलेला हैदराबाद सिटी पोलीस संघ मुंबईस गेला आणि त्याने कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. त्याच वर्षी या संघाने मोहन बागानचा पराभव करून ड्युरँड चषकही मिळवला. रोव्हर्स चषक पुढे १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ असा ओळीने पाच वेळा हैदराबादेस गेला. या संघातली मुले साध्या घरांतली होती. पोलीस खात्यातल्या नोकरीने त्यांच्या घरी चूल पेटत होती, आणि मैदानावरच्या शिस्तीने त्यांना देशभर नाव मिळत होते.

कोणी त्यांना ‘तुम्ही या देशाचे आहात का’ असे विचारत असेल-नसेल. त्यांनी त्याचे उत्तर वादविवादाने दिले नाही. देशाने मात्र १९५० पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद रहीमसाहेबांच्या हाती सोपवले. पहिल्या आशियाई खेळांत, १९५१ साली दिल्लीत, भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. जखमी समाज पुन्हा उभा राहतो तो दोन गोष्टींच्या बळावर. एक, त्याला त्याच्या गुणांनी ओळखणारे मैदान मिळावे. आणि दुसरी, त्या मैदानावर उतरण्याची तयारी करून घेणारा मास्तर मिळावा. हैदराबादला दोन्ही मिळाले.

पराभवाचा अभ्यास

यशाच्या गोष्टी सांगताना पराभव झाकण्याची आपल्याला सवय असते. पण रहीमसाहेबांचे मास्तरपण पराभवातच अधिक दिसते. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. थंड, ओल्या मैदानावर आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. १९११ साली ज्याचा आपल्याला अभिमान वाटला तेच अनवाणीपण १९५२ साली आपली उणीव ठरले. या पराभवानंतर देशात बूट घालून खेळण्याची सक्ती झाली. रहीमसाहेबांनी त्या काळी जगात गाजणाऱ्या हंगेरीच्या संघाची खेळाची मांडणी अभ्यासली आणि आपल्या संघाची रचना बदलली.

चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. चारपैकी तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझा याने केले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला. पुढे युगोस्लाव्हियाकडून आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून हार झाली आणि भारत चौथा आला. त्या संघात हैदराबादचे कितीतरी खेळाडू होते. त्यांपैकी तुळशीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातल्या गरीब तमिळ घरातला मुलगा. रहीमसाहेबांनी तो हेरला आणि घडवला. मुलगा कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हे त्यांनी पाहिले नाही.

विद्यार्थी मित्रहो, वार्षिक परीक्षेत एखादा विषय राहिला की जग बुडाले असे मानून शाळा सोडणारे विद्यार्थी आपल्या गावात दरवर्षी असतात. १०-१ असे हरलेला संघ चार वर्षांत जगात चौथा येतो, ही गोष्ट त्यांच्यासाठी आहे. मधल्या चार वर्षांत त्या संघाने कोणता चमत्कार केला नाही. चूक नेमकी कोठे झाली ते पाहिले, तेवढी सुधारली आणि रोज सराव केला.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

या कहाणीचे शिखर म्हणजे १९६२ चे जकार्ता येथील आशियाई खेळ. इस्राएल आणि तैवान यांना खेळांत येऊ न दिल्याबद्दल एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने हरकत घेतली होती. त्यामुळे तेथील प्रेक्षक भारतावर संतापलेले होते. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी ०-२ असा हरलो. मग थायलंड आणि जपान यांना हरवले, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ अशी मात केली आणि अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर आला.

बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्याला स्पर्धेतच जखम होऊन टाके पडले होते. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून नुकताच उठला होता. रहीमसाहेब स्वतः फुफ्फुसाच्या कर्करोगाने आतून पोखरले गेले होते. भरलेले स्टेडियम विरोधात ओरडत होते. त्या दिवशी पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले आणि भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले.

त्या अकरा जणांची नावे मुलांना पाठ करून घ्यायला हरकत नाही. थंगराज, चंद्रशेखर, जर्नेलसिंग, त्रिलोकसिंग, अरुण घोष, प्रशांत सिन्हा, फ्रँको, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम आणि युसूफ खान. यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, शीख आहेत, ख्रिस्ती आहेत. गोव्याचा फ्रँको आहे, बंगालचे घोष आणि गोस्वामी आहेत, आपल्या हैदराबादचे युसूफ खान आणि बलराम आहेत. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण शाळेत निबंध लिहितो. या अकरा जणांनी तो नव्वद मिनिटांत लिहून दाखवला.

रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी अल्लाला प्यारे झाले. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ साली आला, तेव्हा कितीतरी तरुणांनी त्यांचे नाव पहिल्यांदाच ऐकले. एकट्या माणसाच्या खांद्यावर उभी असलेली इमारत त्या माणसाबरोबर खचू लागते, हा या कहाणीचा कडू शेवट आहे. आपल्यासारख्या संस्था चालवणाऱ्यांनी तो विशेष लक्षात ठेवावा.

कोल्हापूरच्या तालमी

आता हैदराबादेतून आपल्या महाराष्ट्रात येऊ, कारण येथेही हाच प्रयोग वेगवेगळ्या वाटांनी झाला आहे. कोल्हापूर ही मल्लांची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधवले, आणि त्याच दूरदृष्टीने सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली. १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग हे त्यांपैकीच एक. वर्ग आणि मैदान यांत महाराजांनी फारकत केली नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे पेठापेठांतल्या त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल संघांची नावे आहेत हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटते. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ लोटते. आंतरराष्ट्रीय सतरा वर्षांखालील विश्वचषक २०१७ साली भारतात भरला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अर्थात येथेही नाण्याची दुसरी बाजू आहे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग कोल्हापूरने पाहिले आहेत. पेठेचा अभिमान पोराला शिस्त लावतो, आणि तोच अभिमान बेताल झाला तर दगडही उचलायला लावतो.

नागपूरचे झोपडपट्टी फुटबॉल

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या एका पावसाळी दिवशी त्यांनी पाहिले, की झोपडपट्टीतली काही मुले एक फुटकी बादली लाथाडत चिखलात खेळत आहेत. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. खेळत असेतोवर ही मुले भांडणापासून, नशेपासून आणि वाईट संगतीपासून दूर असतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली. निवृत्तीच्या वेळी मिळालेला पैसा बारसे सरांनी या कामासाठी जमीन घेण्यात घातला. बेघरांच्या विश्वचषकात या संस्थेने घडवलेले भारतीय संघ उतरले. २०१६ साली जागतिक फुटबॉल महासंघाचा म्हणजे फिफाचा विविधता पुरस्कार संस्थेला मिळाला. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ या चित्रपटामागची प्रेरणा हीच.

या कामात जगभर एक नवी रीत वापरली जाते, ती आपल्याला उपयोगी आहे. कोलंबिया देशाच्या संघातला आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि मायदेशी परतल्यावर त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्याच्याच मेदेयीन शहरात, टोळ्यांच्या हिंसेला उतारा म्हणून, मुलगे आणि मुली एकत्र घेऊन एक वेगळा खेळ सुरू झाला. त्यात पंच नसतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात आणि सामन्यानंतर पुन्हा बसून कोण प्रामाणिक खेळले ते ठरवतात. त्या वागणुकीलाही गुण असतात. केनियातल्या नैरोबी शहराच्या माथारे वस्तीत १९८७ पासून चाललेल्या संघटनेने तर वस्तीतला कचरा साफ करणाऱ्या संघाला लीगमध्ये गुण दिले. गोल करून जसे गुण मिळतात तसे नाली साफ करूनही मिळतात, हे कळल्यावर मुलांना झाडू हाती घ्यायला लाज वाटेनाशी झाली.

मुंब्र्याच्या मुली

येथवर सारी गोष्ट मुलग्यांची झाली. पण आपल्या समाजात मैदानाची दारे जिला सर्वांत घट्ट बंद आहेत ती मुलगी. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबे येऊन वसली. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि मोकळी जागा जवळजवळ नाही. जी होती ती मुलग्यांनी व्यापलेली. अशा ठिकाणी गेल्या दशकात ‘परचम’ नावाच्या गटाने मुलींचे फुटबॉल सुरू केले. घरोघर जाऊन आयांशी बोलणी केली. कोणी ओढणी घेऊन आली, कोणी हिजाब घालून आली. कोणाच्याही पोशाखावरून वाद न घालता खेळ सुरू राहिला. मुलींनी स्वतः सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींकडे आपल्या हक्काच्या मैदानाची मागणी केली.

पालकहो, यातली कोणती गोष्ट मोठी? माझ्या मते गोलापेक्षा ती सह्यांची वही मोठी. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी नीट शब्दांत मागणी लिहिते, दारोदार जाते, मोठ्या माणसांपुढे उभी राहून बोलते. हे धैर्य तिला पुढे महाविद्यालयात, कचेरीत आणि सासरीही उपयोगी पडणार आहे.

ताडकळसला काय करता येईल?

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्या भागातली व्यथा आपल्याला ठाऊक आहे. आठवी-दहावीनंतर मुलगा शाळेतून गळतो आणि गॅरेजवर, हॉटेलात किंवा पुण्या-मुंबईच्या कामावर लागतो. मुलगी हुशार असली तरी घरी बसते. संध्याकाळी पानपट्टीवर आणि मोबाईलवर वेळ जातो. वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली, वेगवेगळ्या धर्मांची मुले एकाच बसने शाळेत जातात, पण एकमेकांच्या घरची नावे त्यांना ठाऊक नसतात. १५ सप्टेंबर २०१७ रोजी शासनाच्या उपक्रमात महाराष्ट्रभरच्या शाळांतून लाखो मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला. पण एका दिवसाच्या खेळाने सवय जडत नाही. सवयीला रोजचा तास लागतो.

खर्चाची भीती बाळगू नये. सर्व सांघिक खेळांत हा स्वस्तातला खेळ. एक चेंडू बावीस मुलांना पुरतो. लहान मुलांना चार नंबरचा आणि मोठ्यांना पाच नंबरचा चेंडू द्यावा. पूर्ण मापाचे मैदान नसेल तर सात-सात जणांचे संघ करून लहान जागेत खेळता येते. गोलाला बांबूचे दोन खांब पुरेत. अडचण आहे ती आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून घोटा मुरगळतो. म्हणून मैदानावर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्यावा लागेल. पालकांनी चार रविवार श्रमदान केले तर हे अवघड नाही. ज्या मैदानावर बापाने घमेले उचलले, त्या मैदानाची किंमत मुलाला आपोआप कळते.

त्याहून महत्त्वाचे आहेत ते नियम. वर सांगितलेल्या इतिहासातून पाच नियम सहज निघतात. पहिला, संघ मोहल्ल्यावार, जातवार किंवा धर्मवार करू नयेत. चिठ्ठ्या टाकून मिसळ संघ करावेत. दुसरा, आठवड्यात शाळेत गैरहजर राहिलेल्या मुलाला रविवारच्या सामन्यात खेळवू नये, मग तो कितीही तरबेज असो. तिसरा, मुलींना स्वतःची वेळ आणि शिक्षिकेची देखरेख द्यावी. आई मैदानाच्या कडेला येऊन बसली तर तिचे स्वागत करावे. चौथा, शिवी दिली की बाहेर. आणि प्रामाणिकपणाला गोलाइतकेच गुण. पाचवा नियम संस्थेसाठी आहे. सारा भार एकाच उत्साही शिक्षकावर टाकू नये. दोन-तीन शिक्षक आणि वरच्या वर्गातली चार मुले-मुली तयार करावीत, म्हणजे एकाची बदली झाली तरी मैदान ओस पडणार नाही.

शेवटी एक इशारा. आपला मुलगा फुटबॉलवर पोट भरेल अशी आशा कोणी धरू नये. देशासाठी खेळलेल्या कित्येकांच्याही वाट्याला उतारवयात विस्मरणच आले. रहीमसाहेब स्वतः पदवीधर होते आणि शिक्षकाच्या पगारावर घर चालवत होते, हे विसरू नये. मैदान हे वर्गाची जागा घेण्यासाठी नाही. मुलगा वर्गात टिकावा, मुलगी वर्गापर्यंत पोचावी आणि शेजारच्या मोहल्ल्यातला मुलगा दोघांचा मित्र व्हावा, यासाठी ते आहे.

म्हणून, पालकहो, उद्या संध्याकाळी आपला मुलगा किंवा मुलगी ‘मैदानावर जाऊ का’ असे विचारील, तेव्हा रागावण्याआधी दोन प्रश्न विचारा. तेथे कोण शिकवतो? आणि तेथे कोणता नियम पाळला जातो? या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर निःशंक पाठवा. मिळाली नाहीत तर घरी थांबवू नका. उठा आणि ती उत्तरे निर्माण करायला स्वतः मैदानावर चला.